वाराला एक

बुधवार, दिवेलागण

सूनबाई माझी पिवळी गोळी चोरते, असा संशय होता मला. थायरॉईडचे डॉक्टर म्हणाले होते, "अज्जी, तुमचंच शरीर तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीवर उठलंय." आपलंच शरीर उठतंय, मग सुनेचा काय भरवसा?

थायरॉईडची गोळी ती सकाळी उपाशीपोटी देते, वर लगेच चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारी. आणि डी व्हिटॅमिनची पिवळी फक्त रविवारी! डबीवर तिच्याच अक्षरात 'वाराला एक' लिहिलंय. शिकले दुसरीपर्यंतच, पण वार सात असतात एवढं कळतं मला.

आज डाळीच्या डब्यामागं ती डबी सापडली. पिवळी तोंडात टाकणार, तोच ही ओरडली, "अत्ती, थांबा! रविवारीच घेतलीत की!"

"मग वाराला एक कशाला लिहिलंस?"

ती खालीच बसली हसत. "अत्ती, कन्नडात वार म्हणजे आठवडा! माझी शाळा कन्नड, तसंच लिहून गेले. रोज घेतली तर बाधेल हो."

अगं बाई! बाजारात जन्मभर तेच कन्नड बोलते मी, पण अक्षरं मराठी बघून मराठीच वाचलं. सून चोर नाही, याचा केवढा आनंद झाला! पिवळी डबीत परत टाकली.

पण डबी डाळीमागं का ठेवली होती, ते विचारायचं राहिलंच.