चाळणीचं शिरस्त्राण

ला तेहा, मोन्तेव्हिदेओ
३ फेब्रुवारी

प्रिय नोएमी,

तू बरी आहेस असं धरून चालतो. तुझी आई मजेत आहे. काल तिनं तोर्ता फ्रिताच्या जाड पुऱ्या तळून वाढल्या आणि म्हणाली, "खा रे भांडखोरा, भांडायलाही ताकद लागते."

आपल्या गल्लीच्या कार्निव्हल मंडळीचा यंदाचा विषय ऐकून हसशील. लढाऊ परग्रहवासी! डोक्यावर चाळण्या, अंगाला चांदीचा कागद. सोबतच्या फोटोत डावीकडून तिसरा मी. गाणीही मीच लिहिलीत. कॉलेज सोडल्यापासून वेळच वेळ आहे.

तालमीत आमचे म्होरके विल्मारकाका अडले. "पोरा, तुझे हे लोक एका बाकावर दोघं बसले की डोकी फोडतात. यान बांधायला दहा वर्षं शांत बसावं लागतं. मग यांना आकाशात धाडलं कुणी?"

तुझाच प्रश्न, नोएमी. रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात, मला गणितं शिकवताना, संत्रं सोलता सोलता तू विचारायचीस. तू म्हणायचीस, पाहुण्यांना मारून यान चोरलं असणार. मी म्हणायचो, चोर नाहीत ते, स्वतः बांधलं! त्या शेवटच्या रविवारी त्यावरूनच मी खुर्ची लाथाडली, वही फेकली आणि निघालो.

"परत बस. धडा अर्धा राहिलाय," तू म्हणालीस.

सगळ्यांना सांगतो, प्राध्यापकांशी पटलं नाही म्हणून कॉलेज सोडलं. खोटं आहे. परग्रहवासीयांवरूनही आपण भांडलो नव्हतो. टेबलावर नदीपलीकडच्या ब्वेनोस आयरेसच्या विद्यापीठाचं, तिकडे बोलावणारं पत्र होतं. तुझ्या नावाचं. ते मी वाचलं होतं.

तर आता गाण्यात असं आहे: त्यांच्याकडे एक पाहुणी आली. तिनं आकडे शिकवले, यान बांधायला शिकवलं. त्यांनी तिला मारलं नाही. धडा अर्धा असताना तेच तणतणत उठून गेले. म्हणून त्यांना पुढे जाता येतं, यान मागे वळवता येत नाही. उतरतील तिथे लढतात, कारण घरी कसं जायचं ते ठाऊक नाही.

विल्मारकाकांनी डोक्यावरची चाळणी उतरवली. मग म्हणाले, "पाहुणीला विचारलंस का, गाढवा?"

म्हणून विचारतोय. शनिवारी दुपारच्या बोटीनं येशील? संध्याकाळी क्लबच्या अंगणात आमचा खेळ आहे. खुर्चीचा पाय मी बसवून दिलाय. वही तुझ्या आईनं जपलीये, त्याच पानात खूण घालून. कॉलेजचा अर्ज पुन्हा भरलाय, खिशातच आहे.

नाही जमलं, तरी एवढं लिही: वळवतात कसं?

फक्त पुढेच जाता येणारा,
तुझा (लिहू ना?)
यामांडू