मागचं चाक

३ डिसेंबर

चाक गेलं! ट्रॅकच्या सायकलचं, मागचं. टायर बदलायला काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बाबांनी त्यांची गाडी घातली त्याच्यावर. "रिव्हर्स घेत होतो गं ब्रॉनी, दिसलंच नाही," म्हणे. रिमचा पार आठ झालाय, मधल्या हबची कड फुटलीय. दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

नाताळनंतरच्या शर्यतींच्या जत्रेला तेवीस दिवस. बाबा मान वर करून बघत नाहीत. मी शेडचं दार लावून घेतलं. तोंड उघडलं असतं तर भलतंच बोलून गेले असते.

४ डिसेंबर

लाँसेस्टनच्या सायकल दुकानात जाऊन आले. तयार चाक सातशे डॉलर. कांद्याच्या पॅकिंगचं काम जानेवारीत सुरू होणार, सातशे आणू कुठून? दुकानदार म्हणतो, "साधं चाक घेऊन टाका की, शंभरात मिळेल." साधं! अरे बाबा, या सायकलला ब्रेक नसतो, पेडल मागे दाबून वेग आवरायचा असतो. साध्या हबवर तसं दाबलं की मागचं दातेरी चक्र आटे सोडून बाहेर! त्याच्यावर उलट आट्याची रिंग बसावी लागते, आणि ती बसेल असं हबच वेगळं. हे मी त्याला समजावत होते, सायकलच्या दुकानात!

उसनं मागायचं तर जिच्याकडे असं चाक आहे ती स्वतःच शर्यतीत आहे.

७ डिसेंबर

शर्यतीची यादी लागली. मला दोनशे दहा मीटरची सूट! सगळ्यांत पुढे मी.

आता इथे तरी खरं लिहिते. वर्षभर मी मुद्दाम हळू चालवली. क्लबच्या प्रत्येक शर्यतीत शेवटची किंवा शेवटून दुसरी. सूट ठरवणारा नेव्हिल निकाल बघतो — जी हळू तिला पुढून सोडतो. अकरा वर्षांत मी ही शर्यत एकदाही जिंकले नाही. तेहतीस पूर्ण झाली, यंदा नाही तर कधीच नाही. दोन हजार मीटरमधले दोनशे दहा फुकट, आणि पायात किती दम आहे ते एकट्या मला ठाऊक. कोणी धरू शकलं नसतं मला. आणि चाक नाही! हसू की रडू?

बाबांनाही सांगितलेलं नाही. नेव्हिल त्यांच्या बिअरचा सोबती, आणि बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी यादी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. "दोनशे दहा? एवढी मागे पडलीस का गं पोरी?" आणि मग, "यंदा राहू दे ना. चाकाचं निमित्तही झालंय."

निमित्त! जेवले नाही.

१० डिसेंबर

लेस म्हाताऱ्याकडे गेले. चाळीस वर्षं चाकं बांधली त्याने, आता हात थरथरतात. त्याच्या डब्यात एक जुनं हब निघालं, आणि भंगारवाल्याकडे बरी रिम मिळाली, पंधरा डॉलरला. लेस म्हणाला, "बांधणार तू. मी बसून शिव्या देईन." मापं घेतली, तारा मागवल्या.

१५ डिसेंबर

छत्तीसच्या छत्तीस तारा लांब! रिम बाहेरून मोजली मी. आतून मोजायची असते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लेसला शिव्यासुद्धा सुचेनात. मग म्हणाला, "चहा कर."

१७ डिसेंबर

लेसकडे तारांना आटे पाडायचं जुनं यंत्र आहे. एकेक तार कापायची, आटे पाडायचे. दोन दिवस तेच. बोटं सोलली. बाबा लेसच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "कशाला एवढा जीव काढतेस?" मी वळूनही बघितलं नाही.

१९ डिसेंबर

चाक उभं राहिलं! लेसच्या स्टँडवर चढवलं, तारा कमी-जास्त कसून चार तास आऊट काढला. शेवटी लेसने कान लावून तारा छेडल्या. "माझ्यासारखं नाही. पण चाक आहे." त्याने म्हटलं म्हणजे खूपच झालं. स्टँड घरी घेऊन आले, उद्या पुन्हा एकदा बघायला.

२० डिसेंबर

संपलं.

ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीत पेडल मागे दाबलं आणि रिंग गरकन फिरली. जुन्या हबचे उलटे आटे झिजलेले. कोणीतरी कधीकाळी गोंद भरून रिंग चिकटवली होती, ती आज सुटली. पडले नाही, नशीब. लेसने बोट फिरवून बघितलं. "हब गेलं, ब्रॉनी. आधीच बघायला हवं होतं मी." म्हातारा रडवेला झाला, मीच त्याची समजूत घातली. अशा चाकावर तपासणीत मला कोणी सोडणार नाही, आणि सोडू नयेच.

आता नवं हब मागवायचं तर नाताळ उलटून जाईल.

२२ डिसेंबर

नाव काढून घेतलं. संध्याकाळी चॉप्स खाताना बाबा म्हणाले, "बरं झालं गं. सुटला तुझा जीव." माझं डोकंच फिरलं! सगळं बोलले. मुद्दाम हळू चालवली, वर्षभर नाटक केलं, यंदा जिंकणार होते. बाबांनी काटा खाली ठेवला.

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

"प्रत्येक वेळी? मार्चमध्येसुद्धा, लोक हसले तेव्हा?"

"हो म्हणाले ना!"

बाबा उठून शेडमध्ये गेले. ताट तसंच.

शर्यत सुटताना मला मागून धक्का देणारे दरवेळी बाबाच. धक्का देऊन आपल्या खुर्चीत बसायचे, आणि या वर्षी शर्यत संपायच्या आधीच खुर्ची मिटून गाडीकडे जायचे. मला वाटायचं, पाय दुखतात.

२५ डिसेंबर

नाताळचं हॅम. बाबांनी त्यांचं ताट शेडमध्ये नेलं.

२६ डिसेंबर

एकशे सत्तर मीटरवाली जिंकली. तिची वेळ रेडिओवर सांगितली. मी ऑक्टोबरात एकटी असताना त्याहून चार सेकंद कमी घेतले होते. बाबांनी उठून रेडिओ बंद केला आणि तिथेच, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

२८ डिसेंबर

लेसचा स्टँड परत करायचा होता. माझ्या गाडीत मावेना — आणला तेव्हा लेसच्या जावयाने टेम्पोतून आणून दिला होता — म्हणून बाबांची घेतली. रिव्हर्स गिअर पडेना. गॅरेजवाल्या डॅरलला फोन केला. तो म्हणाला, "ऑगस्टपासून नाही पडत. तुझ्या बापाला, क्लाइव्हला, माहितीये की. म्हणून तर तो हल्ली शेडला वळसा घालून गाडी लावतो."

म्हणजे त्या दिवशी बाबा समोर बघत चाकावर चालवत गेले.