बांधावरची वाट

सर, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. दिल्लीहून निवृत्त होऊन मी आता मुरुडला राहते. वेळ भरपूर आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

उरणच्या कोर्टातला तो दावा तुमच्याकडे होता. मिठागराच्या बांधावरून जाण्याचा हक्क एक म्हातारी मागत होती आणि आपण मिठागराच्या मालकाचे वकील. मी तुमची नवी ज्युनियर. पहिल्यांदाच तुम्ही मला उलटतपास घेऊ दिलात. मी उभी राहते, एका दमात विचारते, ‘‘सदर वहिवाट आमच्या पक्षकाराच्या अनुमतीने होती, हे खरं आहे ना?’’ ती माझ्या काळ्या कोटाकडे बघते. ‘‘व्हय.’’ पुढच्या चारही प्रश्नांना ‘‘व्हय.’’ परवानगीने वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही; दावा तिथेच संपला होता. मी खूश होऊन खाली बसले.

तुम्ही उठलात. ‘‘साक्षीदाराला प्रश्न कळलेले नाहीत. कोर्टाने पुन्हा विचारावेत, माझी हरकत नाही.’’ न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि साध्या भाषेत विचारलं, ‘‘आजी, बांधावरून जाताना कुणाची परवानगी घ्यायचात?’’

‘‘न्हाय. माजी आई जायाची, तशी मी. त्यात इचारायचं काय?’’

आपण हरलो. मालक कागदपत्रं उचलून दुसऱ्या वकिलाकडे गेला. बाहेर मी चिडून म्हणाले, ‘‘सर, हातातला दावा घालवलात.’’ तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘ती तुला घाबरली होती. घाबरलेल्या माणसाचं ‘हो’ आपल्याला नको.’’ महिनाभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

पुढे मी हायकोर्टात न्यायाधीश झाले, मग सुप्रीम कोर्टात. तिथे साक्षीदार दिसत नाही, त्याचं भाषांतर दिसतं. एका अपिलात अशीच ‘हो’ची रांग होती. खटला पुन्हा चालवायला मी खाली पाठवला. तो निकाल अजून वकील वाचून दाखवतात.

गेल्या महिन्यात उरणच्या वकिलांनी माझा सत्कार केला. एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?’’ मी म्हातारीची गोष्ट सांगितली. सांगता सांगता, पुन्हा विचारा म्हणून उठलेली ज्युनियर मीच झाले आणि चिडलेले सिनियर तुम्ही झालात. मला ते कळत होतं. मी थांबले नाही.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तुमची लेक होती. तीही वाजवत होती. जाताना म्हणाली, ‘‘बाबा घरी कोर्टातलं कधी बोलायचेच नाहीत. बरं झालं, आज ऐकायला मिळालं.’’

हे पत्र खरं तर तिला द्यायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. मी देणार नाही, सर.