ओट्यासमोरचा कॅमेरा

बाबा, आईच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा आज मी काढला. स्टुलावर चढून, हातात पेचकस घेऊन, स्वतः. दादा खाली स्टूल धरून उभा होता आणि 'अजून एकदा विचार कर' म्हणत होता. माझा विचार करून झाला होता. भिंतीत दोन भोकं राहिली आहेत, ती उद्या पांढऱ्या सिमेंटने बुजवीन. तुम्ही असता तर आधी भोकं बुजवली असती आणि मग भांडण ऐकून घेतलं असतं.

कॅमेरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रोल घालायचा, गळ्यात अडकवायचा कॅमेरा येईल. हा तसा नव्हता. लिंबाएवढा गोळा, ओट्यासमोरच्या भिंतीवर लावलेला. आवाज नाही, नुसतं चित्र. आई कोराडी रोडवरच्या आपल्या घरात पोळ्या लाटते आणि त्याच क्षणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या माझ्या ऑफिसात ती मला फोनवर दिसते, पुण्यात दादाला त्याच्या फोनवर दिसते. तुम्ही शेवटी शेवटी बटणांचा फोन वापरायला लागला होतात, तेही ओरडून, जणू तुमचा आवाज पुण्यापर्यंत तुम्हालाच ढकलत न्यायचा आहे. त्या फोनपासून या गोळ्यापर्यंत जग कुठच्या कुठे गेलं आणि ते सगळंच वाईट झालं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं पोट त्यावरच चालतं. आणि आईला विचाराल तर ती फोनचं नाव काढू देणार नाही. भिवापूरची मावशी, जिला ती वर्षातून एकदा भेटायची, ती आता रोज सकाळी समोर असते. मावशी फोन फिरवून अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या दाखवते आणि आई इकडून खुर्चीत बसून हुकूम सोडते, "त्या कोपऱ्यातल्या पलटव वं, वल्ल्या दिसून राहिल्या." मावशी खरंच उठून पलटवते. गॅसचा नंबर, विजेचं बिल, डॉक्टरची वेळ, सगळं आई बोटाने करते. विजेचं बिल भरताना तर तिचा चेहरा असा होतो, जणू तुमचा वीज केंद्रातला पगार तीच देते आहे.

कॅमेरा दादाने लावला, आईला एकदा चक्कर आली होती त्यानंतर. त्याचा हेतू वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. मलाही तेव्हा हायसं वाटलं होतं. पहिले काही दिवस आई ओट्याजवळ चांगलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची. "जावई बी पाहत असन ना," म्हणायची. मग तिला सवय झाली. आम्हालाही झाली, आणि तिथेच बिनसलं. आधी मी सकाळी फोन करायची, जेवलीस का, गुडघा कसा आहे, बाजूच्या काकू आल्या होत्या का. आता काय विचारायचं? दिसतंच आहे. चहा ठेवला, दिसलं. कणीक मळली, दिसलं. दिसतं म्हणून विचारणं बंद झालं आणि आम्ही विचारत नाही म्हणून तिचं सांगणंही. आम्ही दोघं दिवसातून कितीदा तरी आईला पाहत होतो आणि आठवडा-आठवडा बोलत नव्हतो.

मग महिन्यापूर्वीची ती सकाळ आली. आईचा पाय ओट्याखालच्या पायपुसण्यात अडकला आणि ती पडली, नेमकी कॅमेऱ्याच्या भिंतीखाली. तिथलं त्याला दिसत नाही. त्याला दिसत होता रिकामा ओटा, त्यावर चिरून ठेवलेला हिरवा सांभार आणि परातीतली कणीक. घोटा सुजला, उठता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून बसली. बराच वेळ हालचाल नाही, असा निरोप कॅमेऱ्याने इमानदारीत आम्हा दोघांना पाठवला. मी मीटिंगमध्ये होते. मला वाटलं, अंगणात बसली असेल, आणि तसं काही असतं तर दादाचा फोन आला असता. दादाला वाटलं, बहीण त्याच गावात आहे, तिने पाहिलं असेल. दोघांनी निरोप पाहिला आणि दोघांनी फोन खिशात टाकला. बाजूच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून आई सापडली. मी धावत पोहोचले तेव्हा ती पलंगावर पाय वर करून बसली होती आणि काकू घोट्याला हळद लावत होत्या.

"हाक काहून नाही मारली?" मी रडतच ओरडले. "काकूंची खिडकी हातभर दूर आहे!"

"कायले मारू?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही पाहूनच राहिले होते ना. म्हटलं, येतीलच."

बाबा, ती हाक मारायची थांबली होती. कॉलनीच्या क्वार्टरमधून आम्हाला मैदानापर्यंत हाक ऐकू येईल असा जिचा गळा, ती बाई जमिनीवर बसून भिंतीवरच्या एका गोळ्यावर भरवसा ठेवून गप्प राहिली. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण ते वाक्य माझ्या छातीत अजून आहे.

मग सुरू झालं आईला कुठे ठेवायचं ते. ठेवायचं, हाच शब्द. दादा काल पुण्याहून आला तो फोनमध्ये फोटो घेऊनच. त्याच्या घराजवळ वडीलधाऱ्यांसाठी बांधलेली एक इमारत आहे. न्हाणीघरात धरायला दांड्या, दाराशी नर्स, लिफ्ट, बाग. इमारत चांगली आहे, मी खोटं बोलणार नाही. नाहीतर इथेच राहायचं असेल तर प्रत्येक खोलीत कॅमेरा, न्हाणीच्या दारावरसुद्धा. "माझा जीव थाऱ्यावर राहत नाही गं," तो मला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्यावर चिडायला आलेली मी, मला चिडताही येईना.

आई जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. फोटो तिने चष्मा लावून नीट पाहिले. मग म्हणाली, "मस्त आहे गा. पण तिथं मले कोन ओळखते? इथं भाजीवाला बी माह्या आवाजावर थांबते."

"मग कॅमेरे लावू दे," दादा म्हणाला.

"लाव ना. पन मंग तुह्या पुण्याच्या स्वयंपाकघरात बी लाव, अन् हिच्या बी. मी बी पाहीन इथून, तुम्ही काय खाता, कधी खाता, कोनावर ओरडता."

दादा हसला. ती हसली नाही. "आई, आमची प्रायव्हसी..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि पुढचे शब्द त्याने स्वतःच गिळले. आईने चष्मा काढून घडी करून ठेवला.

तेव्हा मला तुमची कंट्रोल रूम आठवली. तुम्हाला आठवतो का तो दिवस, घरच्यांना प्लांट दाखवायचा? भिंतभर मीटरचे काटे, लाल-हिरवे दिवे, आणि मधल्या खुर्चीत तुम्ही. मला वाटलेलं, सगळ्या नागपूरची वीज माझे बाबा एका बोटाने सोडतात. शिफ्ट संपली, बाहेर बस उभी, आणि तुम्ही जागचे हलत नाही. तुमच्या जागी येणाऱ्या काकांची सायकल पंक्चर झाली होती. मला भूक लागलेली. मी तुमची बाही ओढते आहे, रडकुंडीला आले आहे. सगळं तर काटे सांगतात, मग आपण काहून थांबलो? तुम्ही मला इतक्या जोरात रागावता की शेजारच्या टेबलावरचे काका मान वर करतात. "काटा सांगते, पन आयकते कोन? मानूस आल्याबिगर खुर्ची सोडाची नाही!" मग सायकलवाले काका येतात, घामाने निथळत. तुम्ही उठत नाही. त्यांना बाजूला उभं करता, एकेक गोष्ट तोंडाने सांगता, त्यांच्याकडे पाहता. ते म्हणतात, "चार्ज घेतला." तेव्हा कुठे तुम्ही उठता. बस केव्हाच गेलेली असते. राखेच्या रस्त्याने, कोळशाच्या ट्रकांना वाट देत आपण चालत घरी येतो आणि अर्ध्या वाटेत तुम्ही मला खांद्यावर घेता.

घरीही तुमचं तेच. सकाळच्या शिफ्टला निघताना दारात उभं राहून, "चार्ज घे वं!" आई आतूनच ओरडायची, "घेतला!" ते तुम्हाला चालायचं नाही. तिने दारापर्यंत यायलाच हवं, मग हात कणकेने भरलेले का असेनात. ती चिडचिड करत यायची, तुमच्याकडे पाहून म्हणायची, "घेतला, जा आता." दादा आणि मी अंथरुणात खिदळायचो. आम्हाला ते लाडाचं काहीतरी वाटायचं. लाडाचं होतंच, पण त्यात कामाचा नियमही होता, हे कळायला मला घरातलं माणूस जमिनीवर पडावं लागलं.

मी दादाला तेच म्हणाले. निरोप दोघांना गेला होता, बरोबर? मग चार्ज कोणाकडे होता? तो तुमचाच मुलगा आहे, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कॅमेरा कितीही लावा, दहा लावा, ज्याने चार्ज तोंडाने घेतलेला नाही त्याच्याकडे तो नसतो. म्हणून आता असं ठरलं आहे आणि मी ते मोडू देणार नाही. दुपारपर्यंत आईचा चार्ज माझा, पुढे दादाचा. बदलताना एकमेकांना फोन, चेहरा दाखवून, निरोप पाठवून नाही. कोणाला जमणार नसेल तर त्याने आधी सांगायचं आणि दुसऱ्याने 'घेतला' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, ऑफिसात आग लागली तरी. आईच्या मनगटाला एक बटण बांधलं आहे. दाबलं की ज्याचा चार्ज त्याचा फोन वाजतो, त्याने उचलला नाही तर दुसऱ्याचा, मग काकूंचा. बटणाला आईची हरकत नाही. "हे मी दाबते," ती म्हणाली, "ते मले पाहते. फरक आहे ना बाप्पा." पायपुसणं मी फेकून दिलं.

दादाने शेवटी स्टूल आणून दिलं. मी चढले, पेच काढले. खाली उतरल्यावर त्याने घड्याळ पाहिलं, दुपार झाली होती, आणि आम्ही दोघं म्हातारी होत चाललेली भावंडं स्वयंपाकघरात समोरासमोर उभी राहिलो. मी म्हटलं, चार्ज दिला. तो म्हणाला, घेतला. दोघांनाही हसू आवरेना.

"अन् माहा?" आई मागून म्हणाली. "माह्याकडे कोनाचाच नाही का? तू घरून निघताना मले सांगजो. हापिसात पोचली का सांगजो. तोंड दाखवून. अन् तू बी रे." म्हणजे आता पन्नाशीतली मी रोज मेट्रोत बसताना आईला चेहरा दाखवणार आहे. दाखवीन.

बाबा, हे सगळं मी तुम्हाला का लिहिते आहे? नियम तुमचा, म्हणून कळवायला हवं, हे एक. पण कारण तेवढंच नाही. आई पडली कशी ते पाहायला मी त्या दिवशी कॅमेऱ्याची साठलेली चित्रं काढली होती. पडण्याच्या आधीचं पाहायला गेले, आणि आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचंही पाहत बसले. तुमच्या पहिल्या शिफ्टची बस यायची ना, त्या सुमाराला आई रोज कणीक अर्धी टाकून उठते. हात तसेच भरलेले. स्वयंपाकघराच्या दारात येते, बाहेरच्या दाराकडे तोंड करून उभी राहते. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, पण बाजूने तिचे ओठ हलताना दिसतात, थोडेसेच, आणि मग ती मान हलवते, चिडल्यासारखी, आणि परत येऊन मळायला लागते. एकही सकाळ सुटलेली नाही. ती काय म्हणते ते मला ऐकायची गरज पडली नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती अजून दारापर्यंत येते.

ज्या गोळ्याला मी आज पेचकस लावला, त्यानेच हे मला दाखवलं. नसता तर कधीच कळलं नसतं. तरी मी तो काढला, आणि पुन्हा लावू देणार नाही, कारण ते माझ्या पाहण्याचं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकू ते कळेना, म्हणून कणकेच्या डब्यामागे ठेवणार होते, पण आईच्या हाती लागेल. माझ्या पर्समध्येच राहील. साठलेली सगळी चित्रं पुसली असं मी दादाला सांगितलं आहे. एक नाही पुसलं.