थंडी सोसणाऱ्या टोमॅटोंचा श्लोक

दिनांक ११ नोव्हेंबर

स्वस्तिश्री अखिलदंतव्यथाविध्वंसक, दाढोत्पाटनधुरंधर, स्वचिकित्सालयसिंहासनाधीश्वर, दूरध्वनिमात्रगोचर, वर्षातून एक सप्ताह पितृभक्तिपरायण अशा कनिष्ठ बंधुराजांच्या मस्तकी, शालेयव्याकरणभारवाहक, समासविग्रहाचार्य, उत्तरपत्रिकाजर्जर अशा ज्येष्ठ बंधूचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे. ‘क्षेम’ या शब्दाची व्याप्ती पुढे स्पष्ट होईल.

तुझे पत्र पोचले. पत्र कसले, आरोपपत्रच ते. “पंचाहत्तरीचा माणूस गोठत्या हवेत अंगावर शाल नसताना बागेत बसतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो, हे कसं?” असा तुझा सवाल आहे. सवाल रास्त आहे. उत्तरही सिद्ध आहे, पण ते वळसा घेऊन येईल. सरळ उत्तर देण्याची प्रथा आपल्या घराण्यात नाही आणि मी परंपरेचा अभिमानी आहे.

प्रथम वनस्पतिवार्ता. बाबांनी या वर्षी मागच्या अंगणात टोमॅटोचा तो थंडी सोसणारा वाण लावला, हे तुला ठाऊक आहेच. धुलाईच्या कारखान्यात बॉयलरच्या तोंडाशी उभा जन्म घालवलेल्या माणसाला म्हातारपणी थंडीची ओढ लागावी, यात काव्य आहे. खिडकीत कपांमधून रोपे तयार झाली. मग ती रोज थोडा वेळ बाहेर, संध्याकाळी परत आत, दुसऱ्या दिवशी जरा जास्त वेळ बाहेर. रोपांना वारा दाखवण्याचा हा सोहळा बाबा इतक्या गांभीर्याने करीत की तुझी वहिनी म्हणे, “पोरांना शाळेत सोडतानासुद्धा एवढं केलं नसेल त्यांनी.” खरेच आहे. आपल्याला त्यांनी दारातून ढकलले होते.

ऑक्टोबरात झाडे फळांनी वाकली. फळे हिरवी, आणि हवेत गारठा. पलीकडच्या औषधवाल्या बाईंनी आपली झाडे उपटून फळे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आणि बाबांनाही तोच सल्ला दिला. बाबा म्हणाले, “माझी टिकतील. थोरल्याला विचारलंय, तो ग्रंथात बघून सांगणार आहे.”

मला खरोखर विचारले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारले. संकोचून, टोपी हातात घेऊन विचारावे तसे विचारले. “तुझ्या संस्कृतात झाडांचं काही असेल ना रे? थंडीचं?” मी म्हणालो, बघतो. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि आपण उभयतां जे करीत आलो तेच केले. बाबांचा विषय काढला आणि हसलो.

बंधुराज, यापुढील मजकूर बसून वाचावा. शक्य तर तुझ्या त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत.

त्या फोनवर रचलेल्या श्लोकाची पहिली ओळ माझी. ‘यथा शीतं सहेत् स्वामी तथा शीतं सहेत् तरुः।’ मालक जशी थंडी सोसेल तशी झाड सोसेल. व्याकरणदृष्ट्या ‘सहेत’ हवे, ‘सहेत्’ नव्हे. वृत्तासाठी मी त्याचा पाय मोडला. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी गुण कापले असते. तू तिकडे खिदळत होतास. मग तू म्हणालास, आणि हे मला तुझ्या श्वासासकट आठवते, “दादा, त्यात शाल घाल ना. शाल घेतली की झाड मेलं, असं काहीतरी.” मी तत्काळ रचले: ‘शालधारी भवेद् यस्तु तस्य वृक्षो विनश्यति॥’ संस्कृतात शाल म्हणजे एक वृक्ष, पांघरायची शाल परकी. कुठलाही जुना ऋषी असे लिहिणार नाही. जाणत्याला पहिल्या फटक्यात खोटेपण कळावे. पण आपल्या घरी जाणता एकच, तो म्हणजे मी, आणि मी फोनवर हसत होतो.

तेव्हा तुझ्या सवालाचे उत्तर असे. माझी ओळ नुसती मूर्ख होती. तिच्यामुळे बाबा फार तर अंगणात चार फेऱ्या जास्त मारते. अंगावरची शाल काढली ती तुझ्या ओळीने. कल्पना तुझी, संधी माझी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तो श्लोक त्यांना गंभीर मुद्रेने म्हणून दाखवला. अर्थ सांगितला. ते हसतील, निदान ‘काहीतरीच’ म्हणतील, ही माझी अपेक्षा. ते म्हणाले, “बरोबर आहे. पुन्हा म्हण.” त्यांनी तो पाठ केला. झारीने पाणी घालताना म्हणत. औषधवाल्या बाईंना कुंपणावरून म्हणून दाखवला आणि वर सांगितले, “थोरल्यानं शोधून दिलं. माझ्यासाठी.” ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकले. तेव्हाच बाहेर जाऊन सांगता आले असते. मी चहात साखर घातली.

मग ती पहाट. तुझी वहिनी उठली तर मागचे दार उघडे. अंगण हिमाने पांढरेफेक, आणि वाफ्यांच्या मधोमध स्टुलावर बाबा, नुसत्या सदऱ्यात. शाल घडी करून पायरीवर ठेवलेली. ओठ निळे, आणि चेहऱ्यावर कमालीचे समाधान. म्हणाले, “बघ, एक पान काळं पडलं नाही.” पडले नव्हतेच.

पुढचे तुला फोनवर कळले आहे: ताप, दोन्ही फुप्फुसे, इस्पितळ. जे कळलेले नाही ते हे की इस्पितळातही ते पांघरूण काढून टाकीत. परिचारिका वैतागून मला म्हणाली, “हे काहीतरी मंत्र म्हणतात आणि ब्लँकेट फेकतात. तुम्ही समजवा ना त्यांना.” ‘यस्तु’ नीट ऐकू येत होते. उच्चार माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध.

घरी आणताना डॉक्टरांनी बजावले, पुन्हा गारठा लागला तर वाचवता येणार नाही. घरी आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, “आज पडेल का रे हिम?” आणि हात शालीच्या गाठीकडे. वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठले. “तुम्ही सांगताय की मी सांगू?”

मी सांगितले.

“बाबा, तो श्लोक खरा नाही. आम्ही केलेला आहे.”

“कुणी?”

“मी आणि धाकट्यानं.”

“कशाला?”

“गंमत म्हणून.”

त्यांनी खिडकीबाहेर झाडांकडे बघितले. मग म्हणाले, “धाकटा पण हसला?”

“हो.”

“मग झाडं कशानं जगली?”

“वाणच तसा आहे, बाबा. पाकिटावर लिहिलंय. कुणी न बसताही जगली असती.”

हे शेवटचे वाक्य मी का बोललो, याचा विग्रह मला अजून करता आलेला नाही. सत्य होते, एवढेच. सत्य सांगायला एकदा सुरुवात केली की आपल्या घरात कुणाला थांबण्याचा सराव नाही.

सकाळी मी आंघोळ करून आलो तोवर त्यांनी सर्व झाडे उपटली होती. अंगावर शाल, डोक्याला मफलर, हातात मोजे. डॉक्टरांचा शब्दही मोडला नाही. फळे नुकती रंगावर येत होती. ती झाडांसकट कुंपणाशी नीट रचून ठेवली. मी विचारले, “झाडांनी काय केलं होतं?”

“काही नाही,” ते म्हणाले. “त्यांनी कुठं काय केलं? मीही कुठं काय केलं?”

आता ते शाल सोडत नाहीत. शेगडीपाशी घाम आला तरी नाही. रागावलेले नाहीत, जेवतात, वर्तमानपत्र वाचतात. फक्त एक नवीन सवय जडली आहे. मी काहीही सांगितले की विचारतात, “खरं ना?” जेवण वाढलंय म्हटले की “खरं ना?” गोळी हातावर ठेवली की “ही खरी ना?” टोमणा असता तर मी पेलला असता, टोमण्यांवर या घराचे छप्पर उभे आहे. हा टोमणा नाही. त्यांना खरोखर खात्री करून हवी असते.

एक निरोप मात्र त्यांनी मला निक्षून दिला आहे. “धाकट्याला सांगू नकोस मला कळलं म्हणून. त्याला वाईट वाटेल.” येत्या रविवारी तू फोन करशील तेव्हा ते तुझ्याशी पूर्ववत बोलतील, बागेचे विचारलेस तर झकास आहे म्हणतील, आणि तू मागितलास तर तो श्लोकही म्हणून दाखवतील. तुला हसता यावे म्हणून.

हे तुला न सांगण्याची आज्ञा होती, म्हणूनच सविस्तर लिहिले. सवाल तू केलास; एकट्याने उत्तर वागवण्याइतका मी थोर नाही.

श्लोकाच्या पूर्वार्धाचा कर्ता,
तुझा दादा

ता. क. मागच्या खेपेला तू मोठ्या कौतुकाने अंगणात जो नवा नळ बसवून गेलास, तो अहोरात्र गळतो. नळवाला दोनदा येऊन गेला. त्याच्याजवळचा एकही वायसर त्या मापाचा नाही. कुठल्या दुकानातून आणला होतास ते कळव. तूर्त खाली बादली लावली आहे, आणि ती भरली की ओतायची कुणी, यावरून वहिनीचे आणि माझे रोज वाजते.