आठाचे तेरा

४ एप्रिल १६६२
ऑखनेर गावात लेखनिक म्हणून रुजू झालो. घर समुद्राकडे तोंड करून आहे. बायको मॅरियन खूश, आल्या आल्या तिनं ओटची लापशी चढवली. काम सोपं: कोठडीतल्या आठ चेटकिणींचे जबाब लिहायचे. माझं अक्षर पाहून पाद्रीबाबांनी मान डोलावली, आणि मीही जरा शेफारलो.

७ एप्रिल
चीड येते या बायकांची. धड खोटंही बोलता येत नाही! म्हातारी ग्रिझेल म्हणते, टोळीत आठच जणी, सैतान काळाकुट्ट, त्याच्या पंगतीत मीठ वर्ज्य. मार्गेट म्हणते, तेरा जणी, सैतान देखणा, पावा वाजवतो, आणि खारे मासे तर तिनं चापून खाल्ले.

९ एप्रिल
पाद्रीबाबा भडकले. असे विसंगत जबाब एडिनबरोला गेले तर खटल्याची परवानगीच मिळणार नाही. मग मीच सगळं जुळवून टाकलं. तेरा, काळा, बिनमिठाचं. ग्रिझेलला वाचून दाखवलं तर थेरडी हसली. "आम्ही आठच रे, लेखनिकबाबा. वरच्या पाच कुठून आणणार?"

१५ एप्रिल
कागदावर तेरा, म्हणून आणखी पाच नावं हवीत. बायकांना चार दिवस झोपू दिलं नाही. चार नावं निघाली, त्यात गावची सुईणही आहे. लोक मला पाहून थुंकतात. मॅरियनला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत.

१७ एप्रिल
एक कमी. आकडा माझी चूक, असं मी पाद्रीबाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, लिहिलंय म्हणजे आहे.
भीती वाटते मला.

१८ एप्रिल
ग्रिझेलनं जवळ बोलावलं. म्हणाली, "आठांवर त्याचं भागत होतं. तू पाच पानं जास्तीची मांडलीस. आता पंगत भरल्याशिवाय तो उठायचा नाही." मग मॅरियन कशी आहे, असं विचारलं. तिचं नाव मी कोठडीत कधीच —

१९ एप्रिल
यादीत तेरावी ओळ भरलेली. अक्षर माझं. मी लिहिलं नाही, देवाशपथ. खरवडलं — कागद फाटला — खालच्या पानावरही तेच —
दार वाजतंय. मॅरियन उघडायला निघाली. तिला अडवायला हवं, पण हात लेखणी सोडत नाही — थांबत नाही —
मी, मॅरियन, लेखनिकाची बायको, राजीखुशीनं कबूल करते की