आई बोलायची त्या वह्या

४ मार्च
वरच्या काकूंच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि पाणी उतरलं ते नेमकं आईच्या कपाटात! कपडे काय, वाळतील. पण वह्या — अकराच्या अकरा ओल्या. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, त्यानंतर तीन वर्षं ती या वह्यांतच बोलली. आम्ही तोंडाने, ती पेनाने. तिला जाऊन वर्ष झालं. घरात तिचं बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं.
काकू रडकुंडीला आलेल्या. "अगं, फडकी तरी आणून देऊ का गं?" त्यांना काय बोलणार!

५ मार्च
रजा टाकली. कोपऱ्यावरच्या बाइंडरला गाठलं. म्हणाला, "ताई, उन्हात नको, इस्त्री तर नकोच नको. पानापानात टिपकागद घाला, पंखा हळू ठेवा. आज उरकणार नाहीत त्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका, बुरशी थांबेल."
बर्फाचे ट्रे काढून सहा वह्या आत कोंबल्या. पाच जेवणाच्या टेबलावर. बाबा ओट्याशी उभ्यानेच जेवले.

६ मार्च
बॉलपेनचं टिकलंय. जेलपेनचं सगळं गेलं. आणि जेलपेनं मीच आणून दिली होती — हात दुखतो म्हणायची, ती हलकी चालतात म्हणून!
वाचता आलं ते: "पंखा बंद." "नको म्हटलं ना!" "चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे." हसू फुटलं. मग पुढच्या पानात टिपकागद घातला.

८ मार्च
दादाचा फोन. "फोटो काढून ठेव ना सगळ्याचे, सोपं आहे." कशाचे काढू? निळ्या डागांचे? "एवढी चिडतेस कशाला," म्हणाला. लांबून बोलायला काय जातं.

९ मार्च
कुबट वास. टेबलावरच्या तीन वह्यांची वीट झालीय. सुरीने पानं सोडवायला गेले, फाटली. हाताला यशच नाही.

११ मार्च
फ्रीजरमधली शेवटची वही काढली. हॉस्पिटलमधली, तिच्या अखेरच्या दिवसांतली. अख्खी जेलपेनची. तरी पान अन् पान दोरीवर चिमट्यांनी लावलं. का, कुणास ठाऊक.

१२ मार्च
दुपारी बाबा दोरीखाली खुर्ची टाकून बसले. एक पान काढून हातात धरलं. नुसता निळा डाग, अक्षर एक नाही. म्हणाले, "हे मला पाठ आहे. लिहून घे."
मी कोरी वही घेतली. ते सावकाश सांगू लागले — "मी इथेच बरी आहे. घरी नेऊ नका. तुमची फार धावपळ होईल."
हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी मी तिच्या पलंगाशी होते. आईने पाच वेळा लिहिलं होतं — घरी न्या. बाबा दर वेळी म्हणत होते, उद्या.
"लिहिलंस?"
लिहिलं.